मार्कर नॉर्मल आला म्हणजे रोग पसरलेला नाही?

जठराचा कर्करोग बायॉप्सीत निश्चित झाला की नातेवाइकांना पहिली चिंता असते ती तो कुठे पसरला आहे का याची, आणि त्याचे उत्तर रक्ताच्या तपासणीतच मिळावे असे वाटणे स्वाभाविक आहे. सीईए, सीए १९-९, सीए १२५ या ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या, चाचण्यांकडे म्हणूनच फार आशेने पाहिले जाते. माझ्या मते गरजेपेक्षा अधिकच.

सीईए हे प्रथिन १९६५ साली मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधले, तेही मोठ्या आतड्याच्या कर्करोगात. ते केवळ जठराच्या रोगातच वाढते असे नाही. धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसातही ते थोडे वाढलेले असते. सीए १९-९ पित्तनलिकेत अडथळा आल्यानेही वाढते. उलट, ज्यांच्या शरीरात जन्मतःच लुईस प्रतिजन (रक्तगटासारखा एक घटक, ज्याच्याशिवाय सीए १९-९ बनत नाही) तयार होत नाही, अशा शंभरांतल्या पाच ते दहा जणांत रोग कितीही पसरला तरी हा आकडा जवळजवळ वाढतच नाही.

सीए १२५ची गोष्ट मात्र वेगळी आहे. जठराचा कर्करोग अनेकदा उदरपोकळीच्या आवरणावर, म्हणजे पेरिटोनियमवर पसरतो, आणि हे आवरण डिवचले गेले की त्याच्या पेशी स्वतःच हा पदार्थ स्रवतात. म्हणून जठराच्या रुग्णात हा मार्कर वाढलेला दिसला, तर तेथील प्रसाराची शंका घेतलीच पाहिजे. (पोटाच्या क्षयरोगातही तो भरपूर वाढतो, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.) तसेच एएफपी हा आणखी एक मार्कर बराच वाढलेला असेल, तर यकृत अधिक बारकाईने पाहावे लागते.

पण शंका म्हणजे निदान नव्हे. आवरणावरच्या काही मिलिमीटरच्या गाठी सीटी स्कॅनमध्येही सुटतात. त्यासाठी लॅप्रोस्कोपी करून पोटात सलाइन सोडतात आणि ते परत काढून त्यात कर्करोगाच्या पेशी शोधतात. त्या सापडल्या, तर डोळ्यांना एकही गाठ दिसली नसली तरी रोग चौथ्या टप्प्यातला मानला जातो. मार्कर नॉर्मल आहे एवढ्यावर ही तपासणी टाळणे मला धोक्याचे वाटते.

उपचारांपूर्वी वाढलेला मार्कर उपचारांनंतर कसा बदलतो, हे पाहणे एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयुक्त ठरते. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे तंतोतंत जुळत नसल्याने शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि जुने अहवाल डॉक्टरांना सोबत दाखवावेत.