फुंकणी मारायच्या आधीचा श्वास

आमच्याकडं एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतेत. "छातीचा फोटो सांगितलाय", "मणक्याचा फोटो काढून आणा म्हणले". त्यामुळं मी रेडिओग्राफीला ॲडमिशन घेतली तेव्हा जिंतूरकडच्या आमच्या गावात बातमी अशी पसरली की पोरगी फोटो काढायचं शिकायलीय, आणि मामा तर सरळ म्हणाले की बटन दाबायला तीन वर्षं कामून लागतेत गं. त्यावेळी मला काही बोलता आलं नाही. बारावीला लातूरला क्लास लावलेला, नीटला मार्क कमी पडले, घरात तसंही सगळे गप्प गप्प होते. आता तिसऱ्या वर्षाला आहे, पोस्टिंग चालू आहे, तर मामांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहितेय.

पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, फिजिक्स. हाडांची नावं पाठ होतात, दोनशे सहाच तर आहेत, पण फिजिक्सनं रडवलं. एक्स-रे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन जोरात नेऊन टंगस्टनवर आदळवायचे आणि त्या सगळ्या एनर्जीतली साधारण ९९ टक्के नुसती उष्णता होऊन जाते, एक्स-रे बनतात ते उरलेल्या एका टक्क्यातून. म्हणून टंगस्टन, कारण ते वितळायला ३४०० डिग्रीच्या वर तापमान लागतं, आणि म्हणून ती टंगस्टनची चकती, जिला अ‍ॅनोड म्हणतात, फिरती ठेवतात, एकाच जागी मार बसू नये म्हणून. हे पुस्तकात वाचून डोक्यात गेलं नव्हतं, मशीनपाशी उभं राहिल्यावर गेलं. एक्सपोजरचं बटन दोन टप्प्यांचं असतं, अर्धं दाबलं की आतून घूंऽऽ आवाज येतो, ती चकती स्पीड घेत असते, आणि पूर्ण दाबलं की एक्सपोजर. मामा म्हणतात ते बटन हेच, पण त्या अर्ध्या आणि पूर्ण दाबण्याच्या मध्ये जो सेकंद-दीड सेकंद असतो ना, त्यात पेशंटचा श्वास बरोबर जागेवर यावा लागतो आणि खरं शिक्षण तिथंच आहे असं माझं मत झालंय.

छातीचा पीए व्ह्यू, म्हणजे किरणं पाठीकडून छातीकडं जातात तो फोटो, सगळ्यात जास्त वेळा काढावा लागतो. पेशंट उभा, छाती प्लेटला टेकलेली, ट्यूब पाठीमागं सहा फुटांवर. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, म्हणून छाती प्लेटकडं, म्हणजे सावली मोठी पडत नाही. हात कमरेवर, खांदे पुढं ढकललेले, म्हणजे खवाटे फुप्फुसावरून बाजूला सरकतात. आणि मग पूर्ण श्वास. श्वास पूर्ण भरला तर पाठीमागच्या नऊ-दहा बरगड्या छाती-पोटाच्या मधल्या पडद्याच्या वर मोजता येतात, अर्धवट असला तर फुप्फुसाचा खालचा भाग धुरकट दिसतो, हृदय फुगल्यासारखं वाटतं, आणि नसलेला आजार कागदावर येऊ शकतो.

आता हा श्वास मागायचा कसा? वर्गात शिकवतात, "दीर्घ श्वास घ्या आणि रोखून धरा". पहिल्याच आठवड्यात एका आजीला मी हे म्हणले तर त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग मी म्हणले "दम घ्या आजी", तर त्या बिचाऱ्या खाली बसायलाच लागल्या, आपल्याकडं दम घ्या म्हणजे जरा टेका, इसावा घ्या. चूक माझीच होती. बाप्यांना मी आता सांगते, विहिरीत बुडी मारताना जसा दम धरता तसा धरा, एका झटक्यात कळतं. पण आज्या-मावश्या कुठं विहिरीत उतरल्यात? त्यांच्यासाठीचं वाक्य मला माझ्या आईला चुलीपुढं बघून सापडलं. "मावशी, फुंकणी मारायच्या आधी छातीत हवा भरून घेता ना, तशी भरा, अन् फुंकू नका, तशाच थांबा." अहो काय श्वास येतो! बरगड्या मोजून घ्या. आणि हे लिहिताना वाईट पण वाटतं, कारण ह्यातल्या कितीतरी जणी त्याच चुलीचा धूर तीस-चाळीस वर्षं ओढून खोकत आलेल्या असतात.

बारकी लेकरं कुठं ऐकतेत. त्यांना रडू द्यायचं, हुंदका संपून लेकरू परत श्वास ओढतं तो क्षण पकडायचा, नजर सगळी त्याच्या पोटावर.

दुसऱ्या वर्षातली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. एक बाई आल्या होत्या, दोन महिन्यांचा खोकला, ताप, टीबीची शंका. मी मंगळसूत्र काढायला सांगितलं, ब्लाऊजच्या पिना काढल्या, गळ्यातला ताईतसुद्धा नीट रुमालात बांधून त्यांच्या हातात दिला. एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दिसला, आणि टीबी तिथंच बघतेत सगळ्यात आधी. डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले, बाईच्या नवऱ्याचं तोंड उतरलं, आणि मग आमच्या सिनियर मॅडमनी मला हळूच विचारलं, वेणी वर बांधली होतीस का? नव्हती बांधली. तेल लावून घट्ट घातलेली वेणी पाठीवर होती आणि तिचीच ती सावली. परत काढावा लागला. डाग गेला, पण त्या माणसाच्या आयुष्यात ती भीतीची दहा मिनिटं मी आणली होती आणि त्या बाईला किरणांचा एक डोस विनाकारण दिला होता.

छातीच्या एका एक्स-रेचा डोस तसा बारका असतो, ०.०२ मिलिसिव्हर्टच्या (हे किरणांचा डोस मोजायचं माप) आसपास, म्हणजे जमिनीतून आभाळातून आपल्याला दोन-तीन दिवसांत तसाही मिळतो तेवढाच. पण पोटाचा सीटी म्हटलं की आकडा ह्याच्या काही शे पट होतो, आणि परत काढायची सवय एकदा हाताला लागली की ती सीटीतही येते. म्हणून रिपीट हा शब्द आता मला लागतो. पोटुशी असायची शक्यता आहे का हे विचारायचं राहिलं तर त्याहून वाईट, ते मी कुजबुजून का होईना विचारतेच, सासू शेजारी उभी असेल तर सासूला आधी बाहेर पाठवून विचारते.

घरी मात्र काळजी माझी. आत्यानं आईला विचारलं, त्या किरणांनी पोरीला लेकरं होतील ना गं? आई रात्रभर झोपली नाही. मग मी तिला माझा टीएलडी बॅज दाखवला, अंगाला किती किरणं लागली ते मोजणारा. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि कुणाला किती डोस लागला ते लिहून येतं. एईआरबीनं, म्हणजे किरणांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी मंडळानं, आमच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातलीय, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि इथं काम करणारीनं गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या महिन्यांत १ मिलिसिव्हर्ट. अंतर दुप्पट केलं की डोस पाव होतो, बटन सोडलं की किरणं संपली, खोलीत काही साचून राहत नाही. आईला आकडे कळले नाहीत, पण कुणीतरी मोजतंय एवढं ऐकून तिला झोप लागली. एप्रनचं तेवढं खरंय, मे महिन्यात परभणीच्या उन्हात ते चार-पाच किलोचं ओझं अंगावर घेऊन उभं राहणं सोपं नाही.

ज्यांना ह्या लाईनला यायचंय त्यांना एकच सांगते, सहा महिन्यांत टेक्निशियन करतो म्हणणाऱ्या बोर्डांना पैसे देऊ नका. कोर्सला मान्यता कुणाची आहे आणि रोज किती पेशंट हाताखालून जाणार हे आधी विचारा. २०२१ ला आपल्या क्षेत्रासाठी केंद्राचा वेगळा कायदा पण आलाय, मान्यतेशिवायचा कागद पुढं कुठं चालायचा नाही.

मी एक वही केलीय, श्वासाची. त्यात विहीर आहे, फुंकणी आहे, "सांस भरो, रोक के रखो" आहे, तांड्यावरच्या मैत्रिणीनं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगितलेलं एक वाक्य आहे. तेलुगूचं पान कोरं आहे, आणि देगलूरच्या बाजूचे पेशंट येतात तेव्हा मी स्वतःच छाती फुगवून दाखवते. तिकडचं कुणी वाचत असेल तर सांगा, पण पुस्तकातलं नको, घरात आजीला म्हणता तसं सांगा.