नारिंगी ढग

आत्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो टीव्हीवर लावून आम्ही सगळे बसलो होतो. अंतरपाट नुकताच सरकलेला, ताईची नजर वर उठलेली, पापणीवर अडकलेला अक्षतेचा एक दाणा. मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात बरा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आत्यानं डोळ्याला पदर लावला. बाबा मात्र चष्मा सावरत उठले, टीव्हीपाशी गेले, नवरीच्या मागे बोट ठेवून म्हणाले, "हा नारिंगी ढग म्हणजे मी का?"

तेच होते. ताईचा मामा या नात्यानं तिच्या पाठीशी, जेमतेम एक मीटर मागे. सकाळपासून फेटा उतरवला नव्हता त्यांनी. फोटोत फेटा, कपाळ आणि नवा सदरा यांचा मिळून एक गुळगुळीत गोळा झाला होता. अशा धूसर झालेल्या मागच्या भागाला फोटोवाले बोके (bokeh) म्हणतात, आणि त्याच्यासाठी लोक पैसे मोजतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या लग्नाआधी महिनाभर मला लेन्सचं वेड लागलं होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स होतीच, पण लग्नाला ती पुरत नाही हे ऐकून होतो. गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ असलेले एक काका आहेत. त्यांनी डिजिटल छपाईचे करिझ्मा अल्बम येण्याच्या आधीपासून लग्नं केली आहेत. त्यांना विचारलं, "काका, कुठली लेन्स घेऊ?" ते म्हणाले, "आधी कार्यालय बघून ये. आणि दुपारी जाऊ नकोस, मुहूर्ताच्या वेळेला जा."

मुहूर्त गोरज होता, महिना डिसेंबर, कार्यालय कराडचं. दुपारी गेलो असतो तर खिडक्यांतून येणारा उजेड बघून खूश होऊन परतलो असतो. संध्याकाळी गेलो तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चालू होतं. खिडक्या काळ्या, छताला गुलाबी कापड आणि दिव्यांच्या चार पट्ट्या, त्यातली एक लुकलुकणारी. आगंतुकासारखा मागच्या खुर्चीवर बसून मी आकडे बघितले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, ३२०० करूनही किट लेन्स ५५ वर नेली की शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर येत होतं. तेवढ्या वेळात माणूस जागचा हलत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं मंगलाष्टका चालू असताना नवरीकडे नीट बघितलेलं नाही. लेन्समध्ये थरथर आवरणारी यंत्रणा होती. पण ती आवरते फोटोवाल्याच्या हाताची थरथर, नवरीची नाही.

म्हणून फिफ्टी घेतली. पन्नास मिलिमीटर, एफ १.८, सेकंडहँड. काकांनी मोबाइलची बॅटरी लावून तिच्या पोटात बघितलं. कोकणातून आलेली असली तर आत बुरशीचे तंतू असतात म्हणे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ही घाटावरचीच निघाली.

एफचा आकडा मोठा झाला की लेन्सचं उजेड आत घेणारं भोक लहान होतं, हा उलटा कारभार मला बरेच दिवस पटत नव्हता. शेवटी भागाकार केला. ५० ला १.८ नं भागलं की साधारण २८ येतात, म्हणजे भोक २८ मिलिमीटरचं, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. तेच ५.६ नं, म्हणजे किट लेन्सच्या ५५ वरच्या आकड्यानं, भागलं की नऊ मिलिमीटर, सदऱ्याच्या गुंडीएवढं. नाण्यातून गुंडीच्या जवळजवळ दसपट उजेड आत येतो. हे कळल्यावर मी त्याच जागी, त्याच उजेडात मनातल्या मनात शटर तिसाव्यावरून तीनशेव्या भागावर नेलं आणि लग्न जिंकल्यासारखा घरी आलो.

त्याच सुमारास पेट्झव्हाल भेटला. जोसेफ पेट्झव्हाल, व्हिएन्नाचा गणिताचा प्राध्यापक. फोटोग्राफी जाहीर होऊन वर्ष होत होतं आणि एका फोटोसाठी माणसाला मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागत होतं. या गृहस्थानं १८४० साली खास माणसांच्या फोटोंसाठी लेन्स बेतली आणि मिनिटांचा मामला सेकंदांवर आणला. त्यासाठीची आकडेमोड करायला त्याला तोफखान्यातली, हिशेबात तरबेज माणसं दिली होती. लग्नाच्या फोटोमागे कुठेतरी तोफखाना आहे याचं मला अजिबात नवल वाटलं नाही. पण त्या ऐतिहासिक लेन्सचा आकडा वाचला आणि हसू आलं. एफ ३.६. मी नाक मुरडून कपाटात टाकलेली किट लेन्स १८ वर असताना एफ ३.५ असते. पेट्झव्हालच्या लेन्सची एक खोडही होती: मधोमध धारदार, कडांना सगळं गरगरीत. कडेला उभ्या राहिलेल्या मामालोकांचे हाल तेव्हापासूनचे आहेत.

लेन्स निवडणं म्हणजे लग्नात आपण कुठे उभं राहायचं ते ठरवणं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. काकांकडची ७०-२०० दीड किलोची आहे. ती गळ्यात असली की माणूस मागे कूलरपाशी उभा राहतो आणि तिथून नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपतो. कुणाच्या पायात येत नाही, कुणाचा कुणी लागतही नाही. पस्तीसवाल्याला माणसांत घुसावं लागतं; त्याच्या खांद्यावर अक्षता पडतात आणि भटजी त्याला दोनदा "जरा सरका" म्हणतात. फिफ्टी माझ्या कॅमेऱ्यावर अडनिडी. सेन्सर लहान असल्यामुळे ती ७५ सारखी वागते. जवळ गेलं की नुसता चेहरा, आणि मागे सरकायला जावं तर मागे स्टेजची कड, व्हिडिओवाला आणि त्याचा लाइट धरणारा पोरगा.

तरी मी नवऱ्याच्या खांद्यामागे जागा धरली. अंतर दीड मीटर. एफ १.८. "शुभ मंगल सावधान" झालं, अंतरपाट बाजूला झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मी टाकल्या नाहीत. मूठभर अक्षता खिशातच राहिल्या. त्या पुढे पँट धुताना सापडल्या. तीनशेव्या भागाचं शटर लावून धडाधड अकरा फोटो काढले. त्यातल्या चारांवर आडवे काळपट पट्टे आले, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावरच्या पट्ट्या सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात, आणि इतक्या झपकन उघडमिट करणाऱ्या शटरला ते दिसतं. शटर शंभरावर ठेवलं असतं तर निभावलं असतं. म्हणजे एवढा खटाटोप करून मिळवलेला वेग जास्तच झाला होता.

उरलेल्या सातांतला एक तो, पापणीवरच्या दाण्याचा. भोक जितकं मोठं, तितकं पुढून मागे कमी स्पष्ट येतं. त्या अंतरावर, त्या आकड्याला, साडेसहा सेंटीमीटरच काय ते स्पष्ट येतं. चार बोटं. नवरीच्या नाकापासून कानापर्यंतसुद्धा धड नाही. आणि बाबा तर एक मीटर मागे.

बाबांनी त्यावर भांडण केलं नाही. त्यांनी फक्त माळ्यावरून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. त्या काळचा फोटोवाला फ्लॅश मारायचा, भोक बारीक ठेवायचा, एफ ८ वगैरे, आणि समोर जे असेल ते सगळं घ्यायचा. नवरी स्पष्ट. भटजींच्या पुढ्यातला नारळ स्पष्ट. मागची लटकणारी वायर, पंख्याचं पातं, शेवटच्या रांगेत जांभई देणारा अनोळखी इसम, सगळे सारख्याच इमानानं स्पष्ट. सौंदर्य म्हणून त्या फोटोंत फारसं काही नाही, असं मी अजूनही म्हणेन. फ्लॅशनं सगळ्यांचे चेहरे थापलेल्या पिठासारखे झाले आहेत. पण त्या रात्री आम्ही दोन तास तो अल्बम बघत होतो आणि बोलणं नवरानवरीवर फारसं गेलंच नाही. हा कोण, तो कुठे असतो, हिची पाटली पुढे कुणी मोडली, असंच चाललं होतं. माझे अकरा फोटो दहा मिनिटांत बघून झाले होते.

दोन वर्षांनी धाकटीचं लग्न निघालं. मधल्या काळात मी ८५ भाड्यानं आणून पाहिली, आवडली, परत दिली. शेवटी ३५ घेतली. कुणी एकच लेन्स विचारली तर हल्ली मी तीच सांगतो, आणि तिचा आकडा १.८ आहे म्हणून सारखा १.८ वर ठेवू नका हेही सांगतो. या वेळी कार्यालय साताऱ्याचं, मुहूर्त पुन्हा संध्याकाळचा. फ्लॅश वर करून छतावरून उजेड पाडावा म्हणून सकाळी एक चाचणी घेतली, तर छताच्या कापडामुळे करवल्या नखशिखांत गुलाबी झाल्या. फ्लॅश बॅगेत गेला. उरलं ते गणित: दोन मीटरवरून एफ ४, शटर शंभर, आणि त्यासाठी आयएसओ ६४००. एवढ्या आयएसओनं फोटोत दाणे दिसणार होते. दिसू देत म्हटलं. जिथे किलोंनी अक्षता उधळतात तिथे आणखी चार दाण्यांचं काय वावडं.

बाबा फेटा बांधून थेट माझ्याकडे आले. "आज कितीवर ठेवलंय?"

"चार."

"म्हणजे मी दिसणार?"

"नवरीच्या मागे एक वीतभर अंतरावर उभे राहा. त्यापेक्षा लांब गेलात तर माझा इलाज नाही."

ते इतके चिकटून उभे राहिले की फेट्याचा शेमला नवरीच्या खांद्यावर आला आणि भटजींनी तो दोनदा बाजूला सारला. माझ्या खिशात या खेपेला अक्षता होत्या. एका हातानं त्या टाकल्या, दुसऱ्यानं बटण दाबलं. पहिला फोटो वाकडा आला, दुसरा जमला.

तो दुसरा फोटो आता आत्याच्या घरी भिंतीवर आहे. नवरी लख्ख, मुंडावळ्यांचे मणी मोजून घ्यावेत असे, आणि तिच्या खांद्यामागे बाबा, फेट्याच्या घडीसकट स्पष्ट. फक्त डोळे घट्ट मिटलेले. फ्लॅश एकदम डोळ्यांवर आला म्हणून, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. फ्लॅश बॅगेत होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.