उणे चिन्ह खाणारं फंक्शन

दोन दिवस एकाच फंक्शनच्या मागे लागले होते, काल रात्री सुटलं एकदाचं. झालं असं की तापमान दाखवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरवर (छोट्या चिपवरच्या कॉम्प्युटरवर) मेमरी एवढीशी, प्रिंटएफ म्हणजे सी भाषेतलं छापायचं तयार फंक्शन, त्याचा फ्लोटवाला म्हणजे दशांश आकड्यांचा भाग त्यात बसेना, म्हणून नंबरची स्ट्रिंग म्हणजे अक्षरं करायचं फंक्शन मी हातानेच लिहिलेलं, आणि स्क्रीनवर ३.०५ डिग्रीच्या जागी ३.५ दिसायला लागलं.

हे लगेच कळलं. पूर्णांक वेगळा, दशांश वेगळा काढून मध्ये टिंब टाकत होते, दशांश आला ५, त्याच्या आधीचं शून्य कोण टाकणार? दोन अंकांचं पॅडिंग दिलं, म्हणजे कमी पडले तर पुढे शून्य, झालं.

पण मग म्हटलं आता हात घातलाच आहे तर उणे आकडे पण टाकून बघू, आणि −०.५ दिलं तर आलं ०.५०! खरंच धस्स झालं, कारण ३.५ बघून निदान शंका तरी येते, हे तर अगदी बरोबर दिसतं आणि तापमान मात्र शून्याच्या वर. सी मध्ये −०.५ चा पूर्णांक काढला की येतो ० आणि दशांश उरतो −५०, इंटिजरमध्ये (पूर्णांकात) उणे शून्य नसतंच, आणि दशांशाचं चिन्ह मीच आधी काढून टाकलेलं, मग उणे राहणार कुठे? −३.०५ नीट येत होतं म्हणून इतके दिवस लक्षातच आलं नाही.

तिसरं १.९९९. दशांश वेगळा राउंड केला की १०० होतो, म्हणून स्क्रीनवर १.१००.

शेवटी ठिगळं लावणं सोडलं आणि क्रमच बदलला. आधी अख्ख्या नंबरला १०० ने गुणून राउंड करायचं, मग चिन्ह बाजूला लिहून ठेवायचं, मग तुकडे. १.९९९ चे २०० होतात, हातचा आपोआप पुढे जातो. चिन्ह राउंड केल्यावरच बघायचं हे मी मुद्दाम ठेवलंय, नाहीतर −०.००१ चं −०.०० दिसतं, प्रिंटएफ तसंच दाखवतो, पण स्क्रीन वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

एक टोकाची शक्यता राहिली होती, गुणून आलेला आकडा −२१४७४८३६४८ असण्याची. याचं चिन्ह काढलं तर उत्तर ३२ बिटच्या साइन्ड इंटमध्ये (उणे आकडेही ठेवणाऱ्या पूर्णांकाच्या प्रकारात) मावतच नाही, तिथे कमाल २१४७४८३६४७. म्हणून आधी अनसाइन्ड (उणे नसलेल्या प्रकारात) करून मग शून्यातून वजा केलं. हे पाचही आकडे आता टेस्टमध्ये टाकलेत, −०.५ सगळ्यात वर.