मेजर कुठं राहिले?

मेजर म्हणजे आमचे शेजारी. तसे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्या साताऱ्याकडे पलटणीतून घरी आलेला माणूस मेजरच असतो. दोन घरांमध्ये छातीइतकी भिंत. तिच्यावरून कायम काही ना काही अलीकडे यायचं. कॅन्टीनचा साबण, शेवग्याच्या शेंगा, माझी नोकरी सुटली त्या वर्षी दर महिन्याला तेलाचा डबा. डबा ठेवायचा, भिंतीवर दोनदा टकटक करायचं आणि आत निघून जायचं. आभार मानायला समोर माणूसच नाही.

चैत्रात ते गेले. शेवटची चार वर्षं मी त्यांच्याबरोबर आळंदी ते पंढरपूर चाललो होतो. यंदा निघताना काकूंनी बूटपॉलिशची एक जुनी डबी हातात दिली. "ही तेवढी ने." आत दोन सुया, पांढरा दोरा, कापूस आणि हळदीची पुडी.

या डबीशिवाय मेजरांची वारीच नव्हती. मुक्कामावर राहुट्या लागल्या, की सगळे जेवणाच्या पंगतीकडे बघायचे आणि हे लोकांच्या पायांकडे. "दाव की पाय." बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये रूट मार्च संपला की पाय तपासायचे म्हणे, तीच सवय. सुई काडेपेटीच्या जाळावर धरायची, फोड एका कडेनं टोचून दुसऱ्या कडेनं काढायचा आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून कापायचा. रात्रभर पाणी त्या दोऱ्यानं झिरपतं, कातडी फाटत नाही. १९७१च्या लढाईचं कुणी विचारलं, तर एवढंच सांगायचे, "पाय आठ-आठ दिस वले असायचे." पुढं काही नाही.

दिवे घाट चढून सासवडला पोचलो. पुणे ते सासवड हाच वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, त्यामुळे सासवडला निम्मी दिंडी लंगडत असते. शेजारच्या दिंडीतली एक आजी नेहमीसारखी पाय पुढं करून बसली होती. "मेजर कुठं राहिले?" मी सांगितलं. तिनं पाय आखडून घेतला, पदर तोंडाला लावला. मला डबी उघडायचं धाडस झालं नाही.

मग जेजुरीला चहावाल्यानं विचारलं, वाल्ह्याला एका घरच्यांनी. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं. जेजुरीचा चहावाला म्हणाला, त्याच्या पोरीच्या बारावीची फी मेजरांनी भरली होती. आमच्याच दिंडीतल्या शेतमजूर बाईची भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी, दरवर्षी कोण भरतं, तेही मला यंदा विणेकऱ्यांकडून कळलं. चार वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं! खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं, पालखी आमच्या जिल्ह्यात आली. लोणंदला समाजआरतीला उभा राहिलो. ही आरती मेजरांची फार आवडती. शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात, चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो आणि क्षणात सगळं चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, आणि तिचं ऐकून घेतल्याशिवाय पुढं काही होत नाही. "परेडला अशी शांतता आणायला आम्हाला सहा महिने घोटायचे," असं ते म्हणायचे. हा सोहळा ज्यांनी बांधून दिला ते हैबतबाबा आरफळकरही मुळात शिंद्यांच्या पदरचे सरदार, आरफळ आमच्याच जिल्ह्यातलं, हे तर मेजर दर लोणंदला ऐकवायचे. आम्ही दर लोणंदला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायचो.

चोप वर गेला. टाळ थांबले. माझ्या हातातला टाळ एकदा जास्तच वाजला. दोघातिघांनी वळून पाहिलं.

तरडगावच्या मुक्कामी तीच आजी लंगडत आमच्या राहुटीशी आली. काही न बोलता बसली आणि पाय पुढं केला. सुई धरताना माझाच हात थरथरत होता. "हळू रं," ती म्हणाली, "तुझा मेजर बी पयल्यांदा असाच टोचायचा."

रात्री काकूंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "दोरा आतच ठेवलास ना?"