‘पर्व’ हातात घेण्याआधी

सध्या कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांचं ‘पर्व’ (१९७९), ही महाभारतावरची कादंबरी, पुन्हा वाचतेय, उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. उमाताई मूळ बेळगावच्या. बाजारात, बसमध्ये कन्नड रोज कानावर पडते पण लिपी वाचता येत नाही, अशा आपल्याकडच्या वाचकांची या अनुवादांनी फार मोठी सोय केली आहे.

मात्र सुरुवात ‘पर्व’पासून करू नका. महाभारत ठाऊक आहे म्हणून लोक ते उचलतात आणि शल्याच्या मद्र देशातच अडकतात. इथे चमत्कार नाहीत. पात्रं आपापल्या आठवणींतून उलगडतात, काळ सारखा मागेपुढे होतो. वहीच्या एका पानावर शंतनूपासून खाली कुरुवंशाची नाती मांडा, नियोगाची (नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषापासून झालेली) मुलं वेगळ्या शाईत. कुंतीच्या आठवणी सुरू झाल्या की हे पान उपयोगी पडतं. रोज वीस-पंचवीस पानं पुरेत. आठवडाभर खंड पडला तर धागा सुटतो.

आधी भैरप्पांचंच ‘वंशवृक्ष’ (१९६५) वाचा. पात्रं मोजकी आहेत. नंजनगूडचे श्रोत्री, त्यांची शिकायला म्हैसूरला जाणारी विधवा सून कात्यायनी. वंश रक्ताने चालतो की आचाराने, हा ‘पर्व’मधला प्रश्न तिथे घरगुती पातळीवर भेटतो.

कथा हव्या असतील तर धारवाडचे कथाकार जी. ए. कुलकर्णी आहेतच, पण त्यांचा ‘काजळमाया’ हा संग्रह नंतर, आधी ‘निळासावळा’.