जेफरसनचे अष्टकोनी संडास

विषय संडासाचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर नंतर या.

व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी घराला दोन वाऱ्या चुकत नाहीत. भारतातून कोणी आलं की जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन आणि थॉमस जेफरसनचं मॉंटिसेलो दाखवायचंच. यंदा सासूबाई आल्या होत्या. माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनचा पलंग, पोटोमॅक नदीचा देखावा हे सगळं त्यांनी सौजन्य म्हणून पाहिलं. बागेच्या कडेच्या संडासापाशी मात्र त्या थबकल्या. आत लाकडी बाक, बाकाला गोल भोकं, भोकांखाली लाकडी खण. खण ओढून काढायचे, मैला खतासाठी न्यायचा. वॉशिंग्टनला खताचं भारी वेड. 1787 साली त्याने खत कुजवायला खास छपरी बांधून घेतली होती आणि तीही आज तिथे पुन्हा उभी केलेली आहे.

"अगं, हे तर आमच्या वाईच्या वाड्यासारखंच!" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे खणाच्या जागी टोपली. मागच्या बोळातून झडप उघडायची."

आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले, इतका त्यांना आनंद झाला होता.

मग मी हट्टाने त्यांना पॉप्लर फॉरेस्टला नेलं. लिंचबर्गजवळची ही जेफरसनची दुसरी इस्टेट. मॉंटिसेलोला पाहुण्यांची इतकी रीघ लागायची की बिचाऱ्याला वाचायला निवांतपणा मिळेना, म्हणून राष्ट्राध्यक्ष असतानाच 1806 साली त्याने इथे घर बांधायला घेतलं. घर अष्टकोनी, मधली जेवणाची खोली वीस फुटांचा चौकोनी ठोकळा आणि तिला छतातून उजेड. मॉंटिसेलोहून इथे यायला त्याला तीन दिवस लागत. आपण गाडीने दोन तासांत पोचतो आणि तरी कुरकुरतो.

पण मी हरखले ते संडास पाहून. घराच्या दोन बाजूंना एकेक, दोन्ही विटांचे, दोन्ही अष्टकोनी, वर घुमटाकार छप्पर. लांबून पाहिलं तर एखाद्या साधुपुरुषाची समाधी वाटावी! त्यामागचा विचार तर आणखी भारी. पॅलाडियो या इटालियन वास्तुतज्ज्ञाच्या धर्तीवर मधे घर, दोन्ही बाजूंना जोडमार्ग आणि त्यांच्या टोकांना दालनं अशी रचना जेफरसनला हवी होती. त्याने जोडमार्गांच्या जागी तुतीच्या जातीच्या झाडांच्या रांगा लावल्या. दालनांच्या जागी मातीच्या टेकड्या उभ्या केल्या, आणि ती माती कुठली, तर मागचं अंगण खोल खणताना निघालेली. त्या टेकड्यांच्या आडोशाला हे संडास. म्हणजे घरातून दिसायचे नाहीत, पण नकाशात मात्र घराच्या तोलाचे! आपल्याकडे टू बीएचकेत संडासाचं दार थेट डायनिंग टेबलासमोर उघडणाऱ्या बिल्डरांना सहलीला आणायला हवं. मी त्या विटांचे इतके फोटो काढले की सासूबाई कंटाळून बाकावर जाऊन बसल्या.

आता जरा अडचणीचं. ऑफिसमध्ये कोणी भारतातल्या संडासांबद्दल खोचक बोललं की मी मोहेंजोदडो काढते. साडेचार हजार वर्षांपूर्वी आमच्याकडे घराघरांतून गटारं होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात, वगैरे. (मोहेंजोदडो आता पाकिस्तानात आहे, पण वादात तेवढं चालतं. शिवाय गुजरातमधलं लोथल आहेच.) पॉप्लर फॉरेस्टला मी उलट्या बाजूने तयारीत होते. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. या घराचं सुबक लाकूडकाम जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराचं आहे. मॉंटिसेलोच्या हिशेबात मैल्याचे नाले साफ केल्याबद्दल गुलामांना पैसे दिल्याच्या नोंदीसुद्धा सापडतात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा, असं मी परतीच्या वाटेवर तावातावाने सांगत होते.

"आमच्याकडे गुलाम नव्हते हो," सासूबाई म्हणाल्या. "ती बाई यायची. दिवाळीला आम्ही तिला लुगडं द्यायचो."

"नाव काय होतं तिचं?"

त्यांना आठवेना. शिळी भाकरी वरून पदरात टाकायची हे आठवत होतं. ती येऊन जाईपर्यंत मुलांनी मागे फिरकायचं नाही, हेही.

त्या काही वाईट नाहीत. पण मला राग आला, आणि रागाच्या भरात मी त्यांना कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांच्यावर व्याख्यानच दिलं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पांनी भंगीकाम मागितलं. ते ठरावीक जातींच्या कैद्यांनीच करायचं म्हणून नकार मिळाला, तेव्हा अप्पा उपाशी राहिले आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. सुटल्यावर अप्पांनी कोकणात सोपे संडास बांधत आयुष्य काढलं. टोपलीचे संडास बांधायला बंदी घालणारा कायदा यायला मात्र 1993 साल उजाडलं, आणि 2013 साली तो आणखी कडक करावा लागला. अमेरिकेने निदान हे सगळं जपून ठेवलंय, तिकीट लावून का होईना. आपण वाडे पाडले आणि बोळही बुजवले. वाईचा तो वाडाही गेला, तिथे आता पार्किंग आहे.

"इथे तुम्ही आपापले संडास घासता, तेच बरं," सासूबाईंनी समेट केला.

घासतो, खरं आहे. तरी आमच्याकडे दर दुसऱ्या शुक्रवारी साफसफाईला एक एल साल्वादोरची बाई येते. चांगले पैसे देतो, वर टिपही देतो, आणि तिचं नाव, तिच्या मुलांची नावं मला ठाऊक आहेत. टॉयलेट मात्र मी आदल्या रात्री स्वतः घासून ठेवते. या गुरुवारी सासूबाईंनी मला ब्रश घेऊन वाकलेलं पाहिलं.

"मग उद्या तिला बोलावतेस कशाला?"

"बाकीचं घर आहे ना, आई," मी म्हटलं, आणि फ्लश ओढला.