पाऊस-लॉग अपडेट: गायब चार तालुके सापडले!

भावांनो, मागच्या वेळी लिहिलेलं तेच प्रकरण: रोजच्या पावसाची फाईल तालुक्यांच्या मास्टर फाईलशी जोडून रिपोर्ट काढणारी माझी रास्पबेरी पायवरची (छोट्या कॉम्प्युटरवरची) स्क्रिप्ट. स्क्रिप्ट मी हातानं चालवली की कोल्हापूरचे १२ च्या १२ तालुके, आणि पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालवली की पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ गायब. तीच फाईल, तीच स्क्रिप्ट. तीन रात्री गेल्या यात, आधी एसडी कार्डावरच संशय घेतला आणि नवीन आणलं, ते पैसे वाया.

शेवटी क्रॉनमधून नुसतं एन्व्ह (प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग्जची यादी) फाईलमध्ये काढलं, टर्मिनलच्याशी डिफ मारला, म्हणजे फरक पाहिला. टर्मिनलमध्ये लँग (भाषेचं सेटिंग, म्हणजे लोकेल) होतं इंग्लिश-इंडियाचं, क्रॉनमध्ये काहीच नाही म्हणजे सरळ सी लोकेल (भाषेचे नियम न लावता नुसते बाइट बघणारं). पायवर मी डिफॉल्ट लोकेल ठेवलंच नव्हतं, लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून) शिरताना लॅपटॉपचं लँग सोबत जात होतं आणि मला वाटायचं ते पायचंच आहे.

आता सगळा घोळ सॉर्टचा. मास्टर फाईलमध्ये करवीर तेवढं स्मॉल के ने टाइप झालेलं. इंग्लिश लोकेलमध्ये ते कागलच्या मागोमाग येतं, सी मध्ये सगळी कॅपिटल आधी म्हणून एकदम शेवटी. मास्टर हातानं सॉर्ट केलेली, रोजची फाईल क्रॉनमध्ये, मग जॉइन (दोन सॉर्टेड फाईली नावावरून जोडणारी कमांड) करवीर शोधत पुढचे चारही ओलांडून जातो. आणि करवीर स्वतः रिपोर्टात बरोबर हजर, म्हणून तिकडं लक्षच गेलं नाही! जॉइन बिचारा सॉर्टेड नाही म्हणून ओरडत होता, पण एरर मीच डेव्ह-नलला (म्हणजे कचऱ्यात) पाठवलेले, ते आधी काढलं.

स्क्रिप्टच्या डोक्यावर एलसी-ऑल (सगळी लोकेल सेटिंग्ज एकदम ठरवणारं) सी टाकलं, मास्टर परत सॉर्ट केली, पहाटे १२ तालुके. नाद खुळा!

पण मराठी नावांचे कॉलम वाकडे झाले, कारण सी मध्ये जीऑकला (कॉलम मांडणारा प्रोग्राम) 'कोल्हापूर'ची लांबी ९ ऐवजी २७ दिसते, देवनागरी अक्षराला ३ बाइट. म्हणून आता एलसी-ऑल फक्त सॉर्ट आणि जॉइनच्या पुढं लावतोय, बाकीला यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट मोजणारं) क्रॉनटॅबमध्येच, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत. नुसतं एलसी-कोलेट (फक्त सॉर्टच्या क्रमाचं सेटिंग) लावू नका, एलसी-ऑल कुठून आलं तर ते एलसी-कोलेटला दाबतं.

हे लिहिताना सुचलं, पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला बदलतो, म्हणजे यूटीसी ३ वाजता. मग डेट कमांडच्या पुढं टीझेड (टाइमझोन) = यूटीसी३ लावलं की तारीख आपोआप ८:३० ला पलटेल (इथं अधिक म्हणजे पश्चिम, चिन्ह उलटं, म्हणजे घड्याळ यूटीसीच्या ३ तास मागं). तारखेच्या वजाबाकीच्या माझ्या १५ ओळी उडतील, आज रात्रीच बसतो.